जुन्या ट्रॅक्टरची अनियमित मंदगती व गिअरची खरखर : दोष शोधण्याचा योग्य क्रम

हिंगोली जिल्ह्यात सोयाबीनच्या पेरणीपासून हळदीच्या लागवडीसाठी रान तयार करण्यापर्यंत आणि ऊस वाहतुकीपर्यंत बहुतेक जड कामे आता ट्रॅक्टरवर होतात. नवा ट्रॅक्टर परवडत नाही म्हणून अनेक शेतकरी वापरलेला ट्रॅक्टर घेतात. व्यवहार उन्हाळ्यात होतो आणि खरा कस मृगाच्या तोंडावर लागतो. अशा वेळी दोन तक्रारी वारंवार दिसतात. एक, गिअर टाकताना खरखर आवाज येतो किंवा गिअर पडतच नाही. दुसरी, रेस सोडली की इंजिन एकसारखे चालत नाही, गती आपोआप वरखाली होते किंवा इंजिन बंद पडते.

अशा वेळी घाईने गिअरबॉक्स उघडला जातो आणि डिझेल पंपही दुरुस्तीला जातो. काळ्या जमिनीत वापसा मोजकेच दिवस टिकतो. ट्रॅक्टर वर्कशॉपमध्ये असताना वापसा निघून गेला तर दुरुस्तीच्या खर्चापेक्षा पेरणी लांबल्याचे नुकसान मोठे असते. म्हणून आधी कमी खर्चाच्या गोष्टी तपासाव्यात आणि गिअरबॉक्स सर्वांत शेवटी उघडावा.

दोन्ही तक्रारींचा परस्पर संबंध

इंजिन रेस न देता ज्या गतीने चालते तिला मंदगती किंवा आयडलिंग म्हणतात. बहुतेक ट्रॅक्टरमध्ये ती मिनिटाला सुमारे ६०० ते ८०० फेरे असते. क्लच दाबल्यावर इंजिन गिअरबॉक्सपासून सुटते, परंतु क्लच प्लेट व तिच्यासोबतचा शाफ्ट लगेच थांबत नाही. तो काही क्षण फिरत राहतो. मंदगती जास्त असेल तर हा शाफ्टही जोरात फिरतो, थांबायला जास्त वेळ घेतो आणि फिरता गिअर थांबलेल्या गिअरवर घासतो. हीच ती खरखर होय.

नोझल खराब असेल किंवा डिझेलमध्ये हवा येत असेल तर इंजिन मंदगतीवर बंद पडते. हा दोष झाकण्यासाठी मंदगतीचा स्क्रू पिळून गती वाढविली जाते. इंजिन बंद पडणे थांबते, पण गिअर वाजू लागतात. घेणाऱ्यास वाटते की गिअरबॉक्स गेला. मूळ दोष मात्र डिझेलच्या मार्गात असतो. म्हणून प्रथम मंदगती, नंतर क्लच व शेवटी गिअरबॉक्स हा क्रम पाळावा.

ट्रॅक्टरची ओळख करून घ्या

हिंगोली जिल्हा १ मे १९९९ रोजी परभणी जिल्ह्यातून वेगळा झाला. त्यामुळे त्यापूर्वी नोंदलेल्या येथील ट्रॅक्टरवर परभणीचा एमएच २२ हा क्रमांक आढळतो. हिंगोलीचा क्रमांक एमएच ३८ आहे. नेमके वय नोंदणी पुस्तकावरून पाहावे, तासमापकावर विसंबू नये. अनेक जुन्या ट्रॅक्टरमध्ये स्लायडिंग मेश पद्धतीचे गिअर असतात. त्यात दात प्रत्यक्ष सरकून एकमेकांत बसतात, म्हणून ट्रॅक्टर पूर्ण थांबवूनच गिअर बदलावा लागतो. चालत्या ट्रॅक्टरमध्ये गिअर बदलल्यास खरखर होणारच. तो यंत्राचा दोष नव्हे.

ट्रॅक्टरची माहिती पुस्तिका अवश्य मिळवावी. मध्य प्रदेशातील बुदनी येथे १९५५ पासून केंद्र सरकारची कृषी यंत्रे प्रशिक्षण व चाचणी संस्था आहे. तेथे तपासलेल्या ट्रॅक्टरच्या चाचणी अहवालात इंजिनची गती, तेलाचा प्रकार व प्रमाण ही माहिती दिलेली असते.

मंदगतीची तपासणी

ट्रॅक्टर सपाट जागी उभा करून चाकांना दगडाची उटी लावावी. गिअर व पी.टी.ओ. दोन्ही न्यूट्रलमध्ये ठेवावेत. इंजिन दहा मिनिटे चालवून गरम करावे, कारण थंड इंजिनवरून निष्कर्ष काढता येत नाही. नंतर रेस पूर्ण सोडून आवाज लक्षपूर्वक ऐकावा.

१) गती ठरावीक लयीत वाढते व कमी होते : डिझेलमध्ये हवा, चोंदलेला फिल्टर, अडकणारी रेसची दांडी अथवा पंपातील गव्हर्नरचा दोष.

२) इंजिन हादरते, मधेच ठोका चुकतो : एखादा सिलिंडर नीट काम करीत नाही. नोझल, व्हॉल्व्हचे अंतर किंवा कॉम्प्रेशन तपासावे.

३) गती एकसारखी पण जास्त आहे : हाताची रेस पूर्ण मागे येत नाही, पायाच्या रेसची स्प्रिंग सैल आहे किंवा स्क्रू पिळलेला आहे.

४) इंजिन काही वेळ चालून बंद पडते : टाकीच्या झाकणाचे हवेचे छिद्र धुळीने बंद झालेले असू शकते. झाकण उघडताना हवा आत ओढल्याचा आवाज आला व त्यानंतर इंजिन ठीक चालले तर दोष सापडला असे समजावे.

डिझेल मार्गातील हवा काढणे

टाकी ते फीड पंप या भागात डिझेल ओढले जाते. तेथील जोड सैल असल्यास इंजिन चालू असताना बाहेर थेंबही दिसत नाही, मात्र हवा आत शिरते. म्हणून ‘कोठेच गळत नाही’ एवढ्यावर समाधान मानू नये. सर्व जोड कपड्याने पुसून घट्ट करावेत आणि चपटे झालेले तांब्याचे वॉशर बदलावेत.

त्यानंतर इंजिन बंद करून टाकीचा कॉक उघडावा. फिल्टरवरील हवेचा स्क्रू थोडा सैल करून फीड पंपाची हातदांडी मारावी. बुडबुडे थांबून डिझेलची अखंड धार आली की दांडी मारत असतानाच स्क्रू घट्ट करावा. हीच कृती दुसऱ्या फिल्टरवर व शेवटी डिझेल पंपावर करावी. फिल्टरच्या वाटीत पाणी अथवा गाळ दिसल्यास तो आधी काढून टाकावा.

सदोष नोझल ओळखणे

जुन्या साध्या डिझेल पंपाच्या ट्रॅक्टरमध्ये इंजिन मंदगतीवर असताना अनुभवी मिस्त्री एकेका नोझलच्या नळीचा नट किंचित सैल करून पाहतात. चांगल्या सिलिंडरचा नट सैल केल्यावर इंजिनचा आवाज लगेच बदलतो. आवाज बदलला नाही तर त्याच सिलिंडरमध्ये दोष आहे असे समजावे. मग सर्व नोझल बदलण्याची गरज राहत नाही.

या नळीतील डिझेलचा दाब इतका असतो की त्याची बारीक धार कातडीतून आत शिरते. तेथे हात किंवा तोंड नेऊ नये. शरीरात डिझेल शिरल्यास जखम लहान दिसली तरी तातडीने दवाखान्यात जावे. इलेक्ट्रॉनिक कॉमन रेल पद्धतीच्या ट्रॅक्टरमध्ये हा प्रयोग कदापि करू नये. जानेवारी २०२३ पासून ५० अश्वशक्तीपेक्षा मोठ्या नव्या ट्रॅक्टरना ट्रेम-४ हे धूर नियंत्रणाचे नियम लागू झाले असून त्यांपैकी बऱ्याच ट्रॅक्टरमध्ये ही पद्धत आहे. त्यांची तपासणी कंपनीच्या यंत्रानेच करून घ्यावी.

वरील दोष दूर झाल्यावरच मंदगतीचा स्क्रू पुस्तिकेप्रमाणे लावून लॉकनट घट्ट करावा. जास्तीत जास्त गतीच्या स्क्रूचे सील तोडू नये.

क्लचची तपासणी

मंदगती योग्य असूनही गिअर वाजत असल्यास पुढील सोपी चाचणी घ्यावी. इंजिन बंद असताना क्लच दाबून सर्व गिअर टाकून पाहावेत. दात समोरासमोर आल्यास ट्रॅक्टर किंचित पुढेमागे ढकलावा. आता इंजिन चालू करून क्लच पूर्ण दाबावा, पाच सेकंद थांबावे व गिअर टाकावा.

बंद इंजिनवर गिअर सहज पडतो आणि चालू इंजिनवर वाजतो, याचा अर्थ क्लच पूर्ण सुटत नाही. प्रथम पॅडलची मोकळी चाल मोजावी. ती बहुतेक ट्रॅक्टरमध्ये २० ते ४० मि.मी. असते, नेमका आकडा पुस्तिकेत पाहावा. चाल जास्त असेल तर क्लच अर्धवट सुटतो. अजिबात नसेल तर क्लच घसरतो आणि प्लेट व रिलीज बेअरिंग दोन्ही लवकर झिजतात. अनेकदा केवळ दांडीचा नट फिरवून हे काम भागते. चाल बरोबर असूनही क्लच सुटत नसेल तर क्लचच्या बोटांची उंची, वाकडी प्लेट व पायलट बेअरिंग मिस्त्रीकडून तपासून घ्यावे.

आवाजावरूनही अंदाज येतो. क्लच दाबल्यावर घरघर सुरू होत असेल तर रिलीज बेअरिंगचा संशय घ्यावा. न्यूट्रलमध्ये आवाज येतो व क्लच दाबल्यावर थांबतो, तर गिअरबॉक्सच्या वरच्या शाफ्टचे बेअरिंग पाहावे.

गिअरबॉक्स केव्हा उघडावा

बंद इंजिनवरही गिअर जड पडतो, ओझे आल्यावर गिअर आपोआप निसटतो किंवा तेलात धातूचे तुकडे सापडतात, तेव्हाच गिअरबॉक्स उघडावा. निसटणाऱ्या गिअरमध्ये शिफ्टर फोर्क, गोळी-स्प्रिंग आणि दातांची झीज पाहावी. तत्पूर्वी तेलाची पातळी तपासावी. तेल दुधाळ दिसल्यास त्यात पाणी गेले आहे. तेल पुस्तिकेत सांगितलेल्या प्रकारचेच घालावे. तेलात बुडालेल्या ब्रेकच्या ट्रॅक्टरमध्ये चुकीच्या तेलाने ब्रेकही बिघडतात.

दोष पुन्हा उद्भवू नये म्हणून

• कॅनमधील डिझेल एक दिवस स्थिर ठेवावे, तळाचा गाळ सोडून गाळून भरावे.
• संध्याकाळी टाकी भरून ठेवावी, म्हणजे रात्री टाकीत दव साचत नाही.
• काम करताना क्लचवर पाय ठेवू नये. उसाची ट्रॉली ओढताना ही सवय फार महाग पडते.
• पावसाळ्यात ट्रॅक्टर अनेक दिवस उभा राहणार असेल तर क्लच दाबून अडकवून ठेवावा, म्हणजे प्लेट गंजून चिकटत नाही.
• हळदीच्या पॉलिश ड्रमवर ट्रॅक्टर चालविल्यानंतर एअर क्लीनर व टाकीच्या झाकणाचे छिद्र त्याच दिवशी साफ करावे.

जुना ट्रॅक्टर खरेदी करताना या सर्व चाचण्या व्यवहारापूर्वी, इंजिन गरम असताना घ्याव्यात. मंदगती जास्त आढळल्यास ती मालकासमोर योग्य पातळीवर आणून इंजिन दहा मिनिटे चालू ठेवावे. इंजिन बंद पडले तर लपलेला दोष व्यवहाराआधीच उघड होतो आणि दुरुस्तीचा खर्च किमतीतून वजा करण्याची मागणी करता येते. ट्रॅक्टर आधीच घरी असेल तर ही तपासणी मे महिन्यात उरकावी. सुटे भाग मिळण्यास व मिस्त्रीस वेळ असण्यास तोच काळ योग्य असतो.