पंखा गारवा देतो का?

आज आपण डेस्कटॉपच्या कॅबिनेटमधल्या हवेविषयी बोलू. पंखा गारवा निर्माण करत नाही, तो हवा हलवतो, एवढंच. मे महिन्यात खोलीत ४० अंश असतील, तर कितीही पंखे लावा, आतली हवा ४० च्या खाली जायची नाही. पण संगणक ३०० वॉट वीज खात असेल, तर जवळजवळ तेवढीच उष्णता ओकतो. ती आत कोंडली, की प्रोसेसर जीव वाचवायला वेग कमी करतो. आपण म्हणतो, मशीन म्हातारं झालं, आणि धडधाकट यंत्र भंगारात जातं.

तेव्हा आधी कारण तपासू. बाजूचं झाकण काढून नेहमीचंच काम चालवायचं आणि तापमान बघायचं. ते बरंच उतरलं, तर दोष हवेच्या वाटेत. नाही उतरलं, तर हीटसिंकमध्ये धूळ असेल किंवा थर्मल पेस्ट वाळली असेल. तिथे नवा पंखा काय करणार?

वाट मोकळी करायची, तर प्लग काढून जाळ्या झाडू, केबल्स कडेला बांधू. मग पुढून हवा आत, मागून आणि वरून बाहेर, असे पंखे बसवू. पंख्याची मोटर धरणाऱ्या पट्ट्या ज्या बाजूला, त्या बाजूने सहसा हवा बाहेर पडते. पुढे जाळी लावून आत येणारी हवा किंचित जास्त ठेवली, की फटींतून धूळ कमी शिरते.

आणि कॅबिनेट भिंतीला चिकटवून ठेवू नये. बाहेर पडलेली हवा जायला जागा नको का?