तोंड आल्यावरचा लाल उजेड

निर्ण्याकडचं रोजचं जेवण म्हणजे जोंधळ्याची भाकरी आणि ठेचा. तोंडाच्या कॅन्सरसाठी ‘लाइट’, म्हणजे रेडिएशन, घेणाऱ्या माणसाचं आधी सुटतं ते हेच. रेडिएशनच्या दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात गाल आतून सोलवटतो, जिभेच्या कडेला पांढुरके चट्टे उठतात. भाकरी ताकात कुस्करून, मग नुसती आंबील, पुढे तीही चमच्याने. दर घोटाला माणूस डोळे गच्च मिटून घेतो. वजन उतरतं, नाकातून नळी घालायची वेळ येते. कुणी उपचारच अर्धवट टाकून गावी परततं, आणि गाठीला तेवढी सवड पुरते.

या दुखण्यावर कमी शक्तीचा लेसर उपयोगी पडतो, आणि त्याचा पुरावा आपल्याच कर्नाटकाच्या दुसऱ्या टोकाला, मणिपालमध्ये मिळाला. तिथे तोंडाच्या कॅन्सरच्या ५० रुग्णांपैकी निम्म्यांना रेडिएशनसोबत हीलियम-निऑन लेसरचा लाल किरण दिला, बाकीच्यांना नेहमीची औषधं. किरण घेणाऱ्यांच्या वेदना आणि जखमा दोन्ही कमी राहिल्या. हे निष्कर्ष २००६ साली प्रसिद्ध झाले. पुढे तिथेच दोनशेहून अधिक रुग्णांवर, कुणाला खरा किरण मिळतोय हे त्यांना कळू न देता, तपासणी झाली. कौल तोच आला.

पहिल्या तपासणीतल्या लेसरची शक्ती होती १० मिलिवॅट. एवढ्याने कातडी कापत नाही की भाजत नाही. पेशीतली ऊर्जा तयार करणारी यंत्रणा हा प्रकाश शोषून घेते, सूज ओसरते, जखम लवकर भरते. हा शोध लागला चुकूनच. १९६७ साली बुडापेस्टच्या एन्द्रे मेस्टर यांना लेसरने उंदरांमधली गाठ जाळायची होती. लेसर कमजोर निघाला, गाठ हलली नाही. पण भादरलेल्या कातडीवर केस मात्र भराभर उगवले.

कमी शक्तीचा लेसर गुडघेदुखीवरही वापरतात. त्याचंही थोडक्यात सांगायला हवं, कारण तुरीच्या कापणीनंतर घरोघरी तीच तक्रार असते. तिथे मात्रेवर सगळं अवलंबून आहे. २०१९ साली २२ चाचण्या एकत्र तपासल्या, तेव्हा योग्य मात्रेने दुखणं कमी झालं, अपुऱ्या मात्रेने फारसं नाही. झिजलेली कूर्चा मात्र याने परत येत नाही. तसं आश्वासन देऊन कुणी पैसे मागत असेल तर उठून यावं.

तोंडाच्या बाबतीत सावधगिरी जास्त लागते. किरण गाठीवर पडता कामा नये, डोळ्यांवर चष्मा हवा, म्हणून हे काम कॅन्सरच्या डॉक्टरांच्या देखरेखीखालीच व्हावं. जागतिक मार्गदर्शक तत्त्वं तर हा लेसर तोंड येण्याआधीच, प्रतिबंध म्हणून सुचवतात. तेव्हा कलबुर्गीला, हैदराबादला किंवा सोलापूरला, जिथे जाल तिथे लाइटची तारीख ठरते त्याच दिवशी विचारा: तोंड येऊ नये म्हणून लेसर इथे मिळेल का, आणि नसेल तर जवळ कुठे मिळेल?