परतीची वाट : जुन्या पद्मिनीच्या वायरिंगमधून विद्युत परिपथाचा धडा



सेल, बल्ब, दोन वायरी आणि एक कळ. विद्युत परिपथ शिकवताना आपण फळ्यावर हेच चित्र काढतो. 'परिपथ पूर्ण झाला की बल्ब लागतो' हे वाक्य मुलं पाठही करतात. पण वीज एका वाटेने जाते आणि दुसऱ्या वाटेने परत येते, हे किती मुलांना खरंच कळलेलं असतं? हे समजून घ्यायला जुन्या मोटारगाडीच्या इंजिनाची वायरिंग फार उपयोगी पडते. जुनी गाडी घरी दुरुस्त करणाऱ्या पालकांनाही या लेखाचा उपयोग होईल.

गाडी कोणती?

आपल्या ओळखीची प्रीमियर पद्मिनी घेऊ. मूळ इटलीची फियाट ११००. ती मुंबईत कुर्ल्याच्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सच्या कारखान्यात बनू लागली आणि १९७४ पासून तिला पद्मिनी हे नाव मिळालं. इंजिन चार सिलिंडरचं, १०८९ सीसीचं. मुंबईची काळी-पिवळी टॅक्सी म्हणजे हीच. टॅक्सी म्हणून शेवटच्या पद्मिनीची नोंदणी २९ ऑक्टोबर २००३ ला झाली. टॅक्सीला वयाची मर्यादा २० वर्षांची, त्यामुळे ऑक्टोबर २०२३ अखेर ती रस्त्यावरून गेली. आता उरलेल्या गाड्या बहुतेक हौशी मालकांकडे आहेत. या गाडीत संगणक नाही, त्यामुळे 'दोष इथे आहे' असं सांगणारं यंत्र तिला लावता येत नाही. वायर कुठून आली आणि कुठे गेली हे माणसालाच शोधावं लागतं.

एकच वायर का दिसते?

बोनेट उघडून बघा. बऱ्याच ठिकाणी एकच वायर आलेली दिसेल. इंजिनावरच्या ऑइल प्रेशरच्या स्विचला एकच वायर असते. मुलं लगेच विचारतील, "सर, दुसरी वायर कुठंय?"

दुसरी वायर म्हणजे गाडीचा पत्रा! बॅटरीचं एक टोक जाड वायरने थेट बॉडीला जोडलेलं असतं. वीज वायरीतून त्या त्या वस्तूपर्यंत जाते आणि लोखंडी बॉडीतून बॅटरीकडे परत येते. गॅरेजमध्ये याला 'अर्थिंग' म्हणतात. घरातल्या अर्थिंगसारखी ही वायर जमिनीत गेलेली नसते. ही फक्त परतीची वाट असते, हा फरक मुलांना आवर्जून सांगावा.

बहुतेक गाड्यांत बॅटरीचं मायनस टोक बॉडीला असतं. काही जुन्या ब्रिटिश गाड्यांत मात्र प्लस टोक बॉडीला असे. म्हणून आपल्या गाडीत कोणतं टोक बॉडीला आहे ते आधी बघावं. ते उलटं जोडलं तर अल्टरनेटर असलेल्या गाडीत त्याचे डायोड जळतात.

नवा रंग आणि रुसलेलं इंजिन

जुनी गाडी नवी करताना बॉडी खरवडून छान रंग दिला जातो. इंजिनही धुऊन, रंगवून बसवलं जातं. मग वायरी जशाच्या तशा जोडूनही गाडी सुरू होत नाही! कारण रंगातून वीज वाहत नाही. अर्थिंगचा नट जिथे बसतो तिथेही रंग गेला, की परतीची वाट बंद होते. त्या जागेपुरता रंग पॉलिश पेपरने घासून पत्रा उघडा करायचा, नट घट्ट आवळायचा आणि मग गंज लागू नये म्हणून वरून थोडं ग्रीस लावायचं.

आणखी एक गोष्ट. इंजिन रबरी माउंटिंगवर बसलेलं असतं आणि रबरातूनही वीज जात नाही. म्हणून इंजिन ते बॉडी अशी एक जाड, विणलेली अर्थिंगची पट्टी असते. ही पट्टी राहून गेली तर सेल्फ मारल्यावर शंभराहून जास्त अँपिअरचा प्रवाह दुसरी वाट शोधतो. ती वाट बऱ्याचदा अ‍ॅक्सिलरेटरची किंवा चोकची बारीक तार असते. ती तार लाल होईपर्यंत तापू शकते आणि शेजारी पेट्रोलचा पाइप असतो. म्हणजे एका पट्टीवर अख्खी गाडी अवलंबून आहे!

इंजिनाकडे जाणाऱ्या चार वाटा

वायरींचा गुंता बघून घाबरू नका. इंजिनापुरतं बोलायचं तर कामं चारच.

१) सेल्फ : बॅटरीपासून सेल्फच्या मोटरपर्यंत सगळ्यात जाड वायर. प्रवाह जास्त, म्हणून वायर जाड.

२) इग्निशन : चावीच्या स्विचपासून एक वायर कॉइलला येते. कॉइलच्या दुसऱ्या टोकापासून बारीक वायर डेल्कोतल्या, म्हणजे डिस्ट्रिब्युटरमधल्या पॉइंटला जाते. पॉइंट मिटलेले असताना कॉइलमधून प्रवाह वाहतो. ते उघडले की प्रवाह तुटतो आणि त्या क्षणी कॉइलच्या दुसऱ्या वेटोळ्यात दहा हजारांहून जास्त व्होल्ट तयार होतात. तीच प्लगमधली ठिणगी. कंडेन्सर पॉइंटवरची ठिणगी शोषून घेतो. तो जोडला नाही तर पॉइंट लवकर जळतात आणि प्लगची ठिणगी कमजोर पडते.

डेल्कोपासून प्लगला जाणाऱ्या चार वायरींचा क्रम १-३-४-२ असा आहे. १-२-३-४ का नाही? कारण या इंजिनात १ आणि ४ नंबरचे पिस्टन एकाच वेळी वर येतात, २ आणि ३ चेही तसंच. त्यामुळे १ नंतर पाळी २ ची किंवा ३ ची, आणि ४ ची पाळी त्यानंतरच. क्रम लावताना डेल्कोचा रोटर कोणत्या बाजूने फिरतो ते आधी बघायचं.

३) चार्जिंग : डायनामो किंवा अल्टरनेटरकडून बॅटरीला वीज परत मिळते. इंजिन बंद असताना चांगल्या बॅटरीवर साधारण १२.६ व्होल्ट दिसतात. इंजिनला थोडी रेस दिल्यावर १४ च्या आसपास दिसले तर ही वाट ठीक आहे.

४) खबर देणाऱ्या वायरी : ऑइल प्रेशरचा स्विच आणि पाण्याच्या तापमानाचा सेन्सर. इंजिन बंद असताना ऑइलला दाब नसतो, स्विच मिटलेला असतो, म्हणून चावी फिरवली की लाल दिवा लागतो. इंजिन सुरू होऊन दाब आला की स्विच उघडतो आणि दिवा विझतो. या स्विचची परतीची वाट त्याच्या आट्यांमधून आहे. आट्यांवर टेप जास्त गुंडाळली तर दिवा लागतच नाही आणि आपण समजतो, सगळं ठीक आहे!

जोडायची पद्धत

• वायर काढण्याआधीच प्रत्येक टोकाला चिठ्ठी बांधावी आणि फोटो काढावा. जुन्या वायरींचे रंग उडालेले असतात, रंगावर भरवसा ठेवू नये.

• पत्र्याच्या भोकातून वायर जाते तिथे रबरी ग्रोमेट बसवावा. नाहीतर पत्र्याची धार वायर कापते.

• बॅटरी सगळ्यात शेवटी जोडावी. त्यातही बॉडीला जाणारं टोक शेवटी. हातातली अंगठी, कडं काढून ठेवावं.

• पहिल्यांदा बॅटरी थेट जोडू नये. अर्थिंगची वायर आणि बॅटरीचं टोक यांच्यामध्ये १२ व्होल्ट, २१ वॅटचा बल्ब एकसरीत जोडावा. २१ भागिले १२ म्हणजे १.७५. कुठे शॉर्ट असला तरी पावणेदोन अँपिअरपेक्षा जास्त प्रवाह जाणार नाही, फक्त बल्ब लख्ख पेटेल. चावी बंद असताना बल्ब पेटला तर आधी दोष शोधावा. चावी चालू केल्यावर थोडा उजेड आला तर तो कॉइलचा असू शकतो. बल्ब लावून सेल्फ मारू नये, तेवढा प्रवाह मिळणारच नाही.

• एक वाट जोडावी, तपासावी, मगच दुसरी घ्यावी.

हा बल्ब का महत्त्वाचा? कारण अशा अनेक जुन्या गाड्यांत इग्निशन आणि चार्जिंगच्या वायरी फ्यूजमधून जातच नसत. चूक झाली तर मध्ये अडवणारं काही नसतं.

वर्गात कसं घ्याल?

खऱ्या गाडीच्या बॅटरीजवळ मुलांना नेऊ नका. दीड व्होल्टचा सेल, टॉर्चचा छोटा बल्ब, एक वायर आणि बिस्किटाच्या पत्र्याच्या डब्याचं झाकण एवढं पुरे.

झाकणाची रंग नसलेली बाजू वर ठेवा. सेलचं मायनस टोक झाकणावर टेकवा. प्लस टोकापासून वायर बल्बच्या तळाच्या टोकाला लावा आणि बल्बची धातूची कड झाकणाला टेकवा. बल्ब लागेल. आता झाकण उलटं करून रंगीत बाजूवर तेच करून बघा. बल्ब लागणार नाही. मग एका मुलाला पॉलिश पेपर द्या आणि टेकवायच्या दोन जागा घासायला सांगा. बल्ब पुन्हा लागला की वर्गात जो आवाज होतो, तो ऐकण्यासारखा असतो.

मोठ्या मुलांना एक गणितही द्या. इंजिन मिनिटाला ३००० फेरे फिरतं. प्रत्येक सिलिंडरला दोन फेऱ्यांत एक ठिणगी लागते. सिलिंडर चार. मग एका सेकंदात ठिणग्या किती? उत्तर आहे १००. पॉइंट सेकंदाला शंभर वेळा उघडतात आणि मिटतात!

यानंतर मुलांना 'परिपथ पूर्ण झाला की बल्ब लागतो' हे वाक्य पाठ करायला लावायची गरज नाही. बल्ब लागला नाही की "वीज परत कुठून येते?" असं त्यांनी विचारलं, तर धडा पोहोचला असं समजा. जुनी गाडी जोडणाऱ्यानेही प्रत्येक वायरीला हाच प्रश्न विचारायचा असतो.