बलू : ठळक व गोलसर शीर्षटंकाची घडण आणि उपयोग

छपाईतील अक्षरटंक स्थूलमानाने दोन कामांसाठी घडवले जातात. सलग वाचनाच्या टंकाकडे वाचकाचे लक्ष जाऊ नये, अशी अपेक्षा असते. शीर्षक, फलक किंवा वेष्टन यांवरील टंक मात्र आधी दिसावा लागतो, मग तो वाचला जातो. या दुसऱ्या प्रकाराला आपण शीर्षटंक म्हणू. मुंबईच्या ‘एक टाइप’ या अक्षररचनाकारांच्या गटाने घडवलेला ‘बलू’ हा त्याचा अभ्यासण्याजोगा नमुना आहे.

बलूच्या रेषा जाड असून त्यांची टोके गोलावलेली आहेत. रोमन लहान अक्षरांत उभ्या दांड्याला कमान मिळते तेथे एक टोक सहसा बाहेर डोकावते. बलूत ते गाळले आहे. त्यामुळे अक्षर एकसंध आणि मऊ भासते. नाव अस्वलाचे आहे, आणि ते शोभतेही.

देवनागरीत असा जाडपणा पेलणे अवघड असते. माथ्यावर शिरोरेषा, तिच्यावर मात्रा, वेलांटी, रफार, अनुस्वार, पायाशी उकार, आणि मध्ये ‘क्ष’, ‘द्ध’, ‘ष्ठ’ यांसारख्या जोडाक्षरांची दाटी. रेषा जाड केली की आतील पोकळ्या बुजू लागतात. म्हणून ठळक टंक घडवणारा रेषेची जाडी सर्वत्र सारखी ठेवत नाही. दाटीच्या जागी तो ती हलकेच कमी करतो. वाचकाला मात्र ती सारखीच वाटते. मोजपट्टीपेक्षा डोळ्याचा निर्णय येथे अंतिम असतो.

हीच वृत्ती बलूने ९ भारतीय लिप्यांत सांभाळली, नंतर उर्दूसाठीही. त्या त्या भाषेतील टंकाच्या नावाला भावाचे संबोधन जोडले आहे : गुजरातीत भाई, पंजाबीत पाजी, बंगालीत दा, तमिळमध्ये तंबी, मल्याळममध्ये चेट्टन. गंमत म्हणून हे सोडून देता येईल. पण प्रत्येक लिपीचे वळण राखून कुटुंबसाम्य साधायचे, हे धोरण त्या नावांतून नेमके व्यक्त होते.

उपयोगाचा विचार करताना एक उदाहरण घ्या. शाळेच्या सूचनाफलकावर ‘पालकांची सभा’ असे लिहायचे आहे. टंक फार ठळक आणि आकार लहान असेल, तर अनुस्वाराचा ठिपका शिरोरेषेत मिसळतो आणि उरते ‘पालकाची सभा’. मराठीत एवढ्याशा ठिपक्यावर वचन अवलंबून असते. त्यामुळे बालपुस्तकाचे मुखपृष्ठ, दुकानाची पाटी, स्नेहसंमेलनाचा फलक यांसाठी बलू उत्तम. त्याच अतिठळक रूपात चार परिच्छेदांचे निवेदन छापणे मात्र वाचकावर अन्याय आहे. शोकसंदेशासाठीही हा खेळकर गोलावा विसंगत ठरतो. मोठ्या आकारातही दोन ओळींतील अंतर सढळ ठेवावे, अन्यथा वरचा उकार खालच्या वेलांटीला भिडतो.

पहिला बलू एकाच जाडीचा होता. ‘बलू २’ मध्ये साध्यापासून अतिठळकापर्यंत ५ जाड्या आहेत, त्यामुळे शीर्षकाखालची छोटी ओळ त्याच कुटुंबातील हलक्या रूपात देता येते. हा युनिकोड टंक असल्याने त्यात टंकलेला मजकूर दुसऱ्या युनिकोड टंकात नेला तरी अक्षरे बदलत नाहीत. जुन्या सांकेतिक टंकांबाबत तसे नव्हते. त्याचा परवानाही मुक्त आहे. व्यावसायिक कामासाठी तो विनामूल्य वापरता येतो, त्यात बदलही करता येतात. केवळ टंक स्वतंत्रपणे विकण्यास मनाई आहे.