चष्म्यातला नकाशा आणि कारागिराचा हात

‘कपाट छान आहे हो, पण आमच्या खोलीत बसेल का?’ फर्निचरच्या धंद्यातल्या आमच्या बांधवांनी हा प्रश्न किती वेळा ऐकला असेल याची मोजदाद नाही. गिऱ्हाईक अल्बममधला फोटो पाहते, हाताने हवेत लांबी-रुंदी दाखवते, ‘घरी विचारून सांगतो’ म्हणते आणि निघून जाते. बरेचदा ते परत येत नाही. मालात खोट नसते, भावही वाजवी असतो. सौदा अडतो तो गिऱ्हाइकाच्या डोळ्यांपुढे चित्र उभे राहत नाही म्हणून.

हे चित्र उभे करण्याचे तंत्र आता खिशातल्या फोनमध्ये आले आहे. त्याची दोन नावे कानावर येतात. ‘व्हर्च्युअल रिअॅलिटी’मध्ये डोळे पूर्ण झाकणारे यंत्र चढवावे लागते आणि माणूस संगणकाने रचलेल्या जागेत वावरतो. ‘ऑगमेंटेड रिअॅलिटी’मध्ये समोरची खरी खोली दिसतच राहते आणि संगणकातली वस्तू त्या खोलीत येऊन बसते. हा सगळा पोरांच्या खेळाचा प्रकार आहे असा अनेकांचा समज आहे. प्रत्यक्षात दुसऱ्या प्रकाराला त्याचे नाव मिळाले ते कारखान्यात, हाताने काम करणाऱ्यांच्या एका अडचणीतून.

अमेरिकेतील बोईंग कंपनी विमाने बनवते. विमानाच्या पोटात तारांचे मोठमोठे जुडगे असतात. ते बांधण्यासाठी प्लायवुडच्या लांबलचक फळ्या लागत. फळीवर नकाशा आणि खुंट्या असत, आणि कोणती तार कोणत्या खुंटीवरून न्यायची हे कामगार कागदात पाहून ठरवत. विमान बदलले की फळी बदलायची. अशा फळ्या तयार करणे, सांभाळणे आणि दुरुस्त करणे हा मोठा खर्च होता. १९९० च्या सुमारास तिथल्या टॉम कॉडेल आणि डेव्हिड मिझेल या दोघांनी विचार केला की, फळी कोरीच ठेवावी आणि नकाशा कामगाराच्या चष्म्यात दाखवावा. चष्म्यातून पाहिले की तारेची वाट फळीवर उमटलेली दिसेल. १९९२ साली त्यांनी यावर निबंध वाचला. ‘ऑगमेंटेड रिअॅलिटी’ हे नाव कॉडेल यांनीच दिले असे मानले जाते.

कल्पना उत्तम होती, पण त्या काळचे संगणक जड होते आणि मान हलली की चित्र मागे रेंगाळे. त्यामुळे ती तेव्हा रुळली नाही. पंचवीस वर्षांनी त्याच तारांच्या कामासाठी बोईंगने गूगलचा हलका चष्मा वापरून पाहिला, तेव्हा सुमारे २५ टक्के वेळ वाचल्याचे सांगण्यात आले. गोदामांतही हाच अनुभव आला. नेदरलँड्समधील बर्गन ऑप झूम येथे डीएचएल कंपनीने रिको या गिऱ्हाइकाच्या गोदामात तीन आठवडे प्रयोग केला आणि त्याचे निष्कर्ष २०१५ साली जाहीर केले. दहा कामगारांना कागदी यादीऐवजी चष्मे दिले होते. कोणत्या फडताळावरून कोणता माल किती उचलायचा ते डोळ्यांपुढेच दिसे. वीस हजारांहून अधिक नग उचलले गेले आणि काम २५ टक्क्यांनी वाढले.

इथे आम्हाला एक गोष्ट खटकते. जुना कामगार वर्षानुवर्षे जे डोक्यात साठवतो, ते एकदा चष्म्यात गेले की ते कंपनीचे होते. मग नवा माणूसही चार दिवसांत तेच काम करू लागतो. कंपनीचा यात फायदा आहे आणि शिकणाऱ्याचाही आहे, पण जुन्या हाताची किंमत कमी होण्याचा धोका राहतोच. म्हणून आमच्या कारागीर बांधवांनी हे तंत्र दुसऱ्याने आपल्यावर लादण्याची वाट पाहू नये. आपली मापे आणि आपले नमुने आपल्याच हातात राहतील अशा रीतीने ते स्वतः जवळ करावे.

उस्तादाचा हात यंत्राला किती घेता येतो, हे वेल्डिंगच्या कामात चांगले दिसून आले. लिंकन इलेक्ट्रिक या अमेरिकी कंपनीने २००९ साली वेल्डिंग शिकवणारे एक यंत्र आणले. शिकणारा नेहमीसारखाच मुखवटा चढवतो आणि हातात गन धरतो, पण ठिणगी उडत नाही, इलेक्ट्रोड जळत नाही, लोखंड वाया जात नाही. मुखवट्याच्या आत वेल्डिंगची रेघ उमटताना दिसते आणि गनचा कोन, अंतर व हाताचा वेग कुठे चुकला हे लगेच कळते. आयोवा स्टेट विद्यापीठातील संशोधकांनी याची तपासणी केली. निम्मा वेळ यंत्रावर आणि निम्मा वेळ खऱ्या धातूवर शिकलेली मुले जुन्या पद्धतीने शिकलेल्यांपेक्षा सरस ठरली. मात्र सर्व शिक्षण यंत्रावरच दिले तर सोपी व मध्यम कामे जमली, अवघड कामाला खरी आच लागलीच. ग्रिल-शटरच्या दुकानात पोराला उस्तादाशेजारी उभे करण्याची आपली पद्धत मोडीत निघालेली नाही, हे यावरून दिसते.

आता पुन्हा कपाटाकडे वळू. २०१७ साली स्वीडनच्या आयकिया कंपनीने फोनसाठी एक अॅप काढले. फोन खोलीकडे धरायचा, यादीतले कपाट निवडायचे, की ते खऱ्या मापात आपल्याच खोलीच्या कोपऱ्यात उभे दिसते. सुरुवातीलाच सुमारे दोन हजार वस्तू त्यात होत्या. याच कंपनीचे दुकान २०१८ मध्ये हैदराबादला आणि २०२० च्या डिसेंबरात नवी मुंबईत तुर्भे येथे उघडले. जोगेश्वरी-ओशिवऱ्याच्या फर्निचर बाजारातील कारागिराला आता कोणाशी सामना आहे ते यावरून ध्यानात यावे. आपल्या मिस्त्रीचे काम कमी दर्जाचे नाही. उलट खोलीच्या मापाप्रमाणे कपाट बनवून देणे ही त्याची जमेची बाजू आहे, फक्त ते आधी दाखवण्याची सोय त्याच्याकडे नाही.

ही सोय करायला महागडा चष्मा विकत घ्यावा काय? आमचे स्पष्ट मत आहे की, घेऊ नये. गूगलने आपल्या चष्म्याची विक्री मार्च २०२३ मध्ये थांबवली. मायक्रोसॉफ्टने ‘होलोलेन्स २’चे उत्पादन २०२४ मध्ये बंद केले. बड्या कंपन्यांना हे सोसते, आपल्याला सोसणार नाही. गिऱ्हाइकाकडे फोन आहेच, तोच वापरावा.

फोनसाठी लागते ती वस्तूची त्रिमिती फाइल. संगणकावर घरांची किंवा फर्निचरची चित्रे काढणारी मुले आता शहरोशहरी आहेत. त्यांच्याकडून अगोदर आपले चार-पाच हमखास खपणारे नमुने करून घ्यावेत, सगळा अल्बम नको. अँड्रॉइड फोनसाठी ‘जीएलबी’ आणि आयफोनसाठी ‘यूएसडीझेड’ अशा दोन्ही प्रकारच्या फाइली मागून घ्याव्यात. फाइल हलकी असावी, नाहीतर गिऱ्हाइकाच्या फोनवर ती उघडता उघडत नाही. फोटोंवरूनही फाइल तयार करता येते. त्यासाठी वस्तूभोवती फिरून पन्नास-शंभर फोटो काढावे लागतात. आरसा, काच किंवा चकचकीत सनमायका असेल तर मात्र ही युक्ती फसते.

खरी गोम मापात आहे. आपला मिस्त्री फूट, इंच आणि सुतात बोलतो, तर फाइलचा हिशेब मीटरमध्ये असतो. सहा फुटी कपाट म्हणजे १.८३ मीटर. चित्र काढणाऱ्याने अंदाजाने दोन मीटर धरले तर फोनमधले कपाट अर्ध्या फुटाहून अधिक उंच होईल आणि गिऱ्हाईक पोटमाळ्याला टेकते म्हणून नको म्हणेल. याच्या उलट चूक झाली आणि कपाट पोहोचवल्यावर दार उघडेनासे झाले, तर नुकसान आपलेच. म्हणून फाइल हाती येताच ती दुकानातच फोनवर उघडावी, खऱ्या कपाटाशेजारी उभी करावी आणि दोन्हींची उंची-रुंदी जुळते की नाही ते पाहावे. रंगाबाबतही असेच. फोनमध्ये पॉलिश नेहमी उजळ दिसते. लाकूड दाखवून मागाहून प्लायवुड देणे तर फसवणूकच झाली. फोन कपाट दाखवेल, पण लाकडाचा तुकडा गिऱ्हाइकाच्या हातात दिलाच पाहिजे.

फाइल करून घेताना ती कोणाच्या मालकीची, हे कागदावर लिहून घ्यावे. नमुना तुमचा आणि पैसेही तुमचे असताना तीच फाइल उद्या समोरच्या दुकानात दिसली तर तोंडी बोलण्याचा उपयोग होत नाही.

आम्ही हा प्रकार आमच्या फोनवर करून पाहिला. खुर्ची झकास उभी राहिली, पण पांढऱ्या चकाकत्या फरशीवर ती सारखी घसरत होती. एकरंगी, गुळगुळीत जमीन फोनला नीट ओळखता येत नाही. मंद उजेडातही तीच गत होते. गिऱ्हाइकाच्या घरी असे झाले तर दिवा लावावा, जमिनीवर चटई किंवा जुने वर्तमानपत्र अंथरावे आणि फोन पुन्हा हळूहळू फिरवावा. टेप सोबत न्यावाच.