माळ्यावरच्या लाल वह्या

जुने घर पाडून नवे बांधायचे ठरले की लातूर-नांदेडकडच्या व्यापारी घरांत एक प्रसंग हमखास घडतो. माळ्यावरून लाल कापडात बांधलेली गाठोडी खाली उतरतात. धूळ झटकून आतल्या लांबट वह्या उघडल्या जातात आणि घरातल्या एकालाही अक्षर लागत नाही. नातू विचारतो, "दादाजी, ही कुठली भाषा?" दादाजी चष्मा लावून दोन ओळी लावतात, तिसरीला अडतात. सीएला विचारावे तर तो कायद्याचे उत्तर देतो, आणि ते बरोबरच असते: जीएसटीच्या कायद्यानुसार हिशेबाची कागदपत्रे वार्षिक विवरणपत्राच्या मुदतीपासून ७२ महिने जपावी लागतात. ऐंशी वर्षांच्या जुन्या वहीला मग कोण विचारतो? संध्याकाळपर्यंत गाठोडी रद्दीवाल्याच्या काट्यावर जातात.

हे ज्या समाजात घडते, त्या समाजाची कागद जपण्याची परंपरा जगाने वाखाणलेली आहे. जैसलमेरच्या ज्ञानभांडारात जवळजवळ हजार वर्षांपूर्वीच्या ताडपत्र्या आहेत. पाटणची भांडारे प्रसिद्ध आहेत. मूडबिद्रीने धवलेच्या ताडपत्री प्रती शतकानुशतके सांभाळल्या. ज्ञानपंचमीला पोथ्यांची पूजा होते. तोच समाज दिवाळीला वहीचेही पूजन करतो, पण पूजनानंतर वर्ष संपले की वहीकडे हिशेबाचा कागद म्हणूनच पाहिले जाते. पोथी पुण्याची आणि वही पोटाची, अशी वाटणी मनात पक्की झाली आहे. मात्र मराठवाड्यात आलेल्या जैन कुटुंबांचे रोजचे जगणे कोणत्याच पोथीत लिहिलेले नाही. ते असलेच तर याच वह्यांत आहे.

मराठवाड्याला जैन नवे नाहीत. धाराशिवची लेणी जुनी आहेत, आणि लातूर-धाराशिवकडचे सैतवाळ दिगंबर घराणे येथलेच. मारवाड आणि गुजरातेतून आलेले ओसवाल, पोरवाड, खंडेलवाल हे मात्र स्थलांतरित. लोटा-दोरी घेऊन निघालेला तरुण आधी नात्यातल्या कोणाच्या दुकानी मुनिमाच्या हाताखाली राहावा आणि चार-सहा वर्षांनी जवळच्या खेड्यात स्वतःचे दुकान मांडावे, ही ठरलेली वाट होती. विक्रम संवत १९५६ चा, म्हणजे १८९९-१९०० चा 'छप्पनिया' दुष्काळ मारवाडात माणसांना गाव सोडायला लावणारा ठरला. त्याच सुमारास निजामाच्या राज्यात गोदावरी खोऱ्यातून मनमाड-सिकंदराबाद रेल्वे नांदेडवरून धावू लागली. १९११ मध्ये बार्शी लाइट रेल्वेची अरुंद गाडी लातूरला पोहोचली आणि १९१७ मध्ये नगररचनाकार फैयाजुद्दीन यांच्या आराखड्याने गंजगोलाई उभी राहिली. मधे वर्तुळाकार इमारत आणि तिला येऊन मिळणारे सोळा रस्ते, अशी पेठ तेव्हा फार थोड्या गावांना होती. कापूस, गूळ आणि डाळीच्या या पेठांभोवती उदगीर, अहमदपूर, देगलूर, मुखेड, उमरी, धर्माबाद येथे आणि त्यांच्याही पलीकडच्या खेड्यांत दुकाने पसरली.

वहीत काय असते, हे बहुतेकांना ठाऊक असल्याचे वाटते, पण प्रत्यक्षात फारसे ठाऊक नसते.

पहिल्या पानावर 'श्री'ची उतरती मांडणी: वर एक, खाली वाढत जाणारे, जणू शिखरच. त्याखाली गौतमस्वामींची लब्धी, शालिभद्राची ऋद्धी, कयवन्ना शेठाचे सौभाग्य, अभयकुमाराची बुद्धी आणि बाहुबलींचे बळ लाभो, अशा आशयाची मागणी. मग पेढीचे नाव, गाव, संवत आणि मिती. पुढच्या पानांवर रेघा नसतात. पानाला घड्या घालून पाडलेल्या सळांनीच रकाने होतात, अर्ध्यात जमा आणि अर्ध्यात नावे. रोजच्या घडामोडींची ती कीर्द किंवा रोजमेळ, आणि तीवरून माणसागणिक मांडलेली खतावणी. पाने अशी शिवलेली की मधले एक फाडले तर वही बोलते.

बँकेच्या जुन्या लेजरमध्ये तारीख, रक्कम आणि 'रोख' एवढेच सापडते. कीर्दीत त्यापुढे दोन गोष्टी असतात: पैसा कोणाच्या हस्ते गेला आणि कशासाठी गेला. मुलीच्या सासरी पाठवलेले लुगडे, वैद्याचे औषध, बैलजोडीची पेंड, मारवाडातल्या आईला मनिऑर्डर, स्टेशनवरून आणलेल्या पोत्यांची हमाली, चातुर्मासात साधूंच्या दर्शनाला गेलेल्या बैलगाडीचे भाडे. ज्या बायकांचे नाव इतर कोणत्याही कागदावर नाही, त्यांच्या नावाची खाती येथे भेटतात. विधवा बहीण, काकू किंवा शेजारची म्हातारी आपली पुंजी पेढीवर ठेवी आणि तिच्या खात्यावर दरमहा दरशेकडा ठरलेले व्याज जमा होई. बँक गावात येण्याआधीची बँक ती हीच. हैदराबाद स्टेट बँकेचा कायदा १९४१ चा, आणि कामकाज १९४२ मध्ये सुरू झाले. त्या बँकेची पुढे स्टेट बँक ऑफ हैदराबाद झाली आणि १ एप्रिल २०१७ रोजी ती स्टेट बँकेत विलीन झाली. तालुक्याच्या गावापलीकडे ती पोहोचेपर्यंत पत, ठेव आणि हुंडी हे सारे दुकानाच्या गादीवरच चाले.

हुंडीची नोंद वेगळी. दर्शनी की मुदतीची, कोणावर काढली, कधी सकारली. हुंडी हरवली तर पेठ लिहावी, तीही हरवली तर परपेठ. पैसे फिटलेली हुंडी म्हणजे 'खोखा'. १८८१ चा परक्राम्य संलेख कायदा झाला तेव्हाही देशी हुंडीच्या स्थानिक चालीरीतींना त्याने हात लावला नाही, इतकी ती व्यवस्था पक्की होती. धर्मादा हे आणखी एक खाते. मालाच्या प्रत्येक सौद्यावर काही आणे वा पैसे त्यात पडत आणि त्यातून गोशाळा, पांजरपोळ, धर्मशाळा चालत. संघाच्या वहीत देवद्रव्य, ज्ञानखाते, साधारण, जीवदया अशी खाती एकमेकांत मिसळू न देता ठेवलेली असतात. श्वेतांबर मंदिरांत पर्युषणातली बोली तुपाच्या मणांत लागे आणि मणाचा रुपयांतला भाव ठरलेला असे. कोणाची बोली किती आणि ती किती हप्त्यांनी फिटली, हेही त्यात दिसते. गावाच्या भरभराटीचा आणि पडत्या काळाचा एवढा खरा मापदंड दुसरीकडे मिळणे अवघड.

निजामाच्या राज्यात राहून इंग्रजी मुलखाशी व्यापार करणे हे मोठे कटकटीचे काम होते आणि वही ते दाखवते. लातूरच्या शेतकऱ्याला हाली शिक्क्यात पैसे द्यायचे आणि बार्शी-सोलापूर-मुंबईकडून कलदार घ्यायचे. पुढे स्थिर झालेल्या भावाने १०० कलदारांना ११६ रुपये १० आणे ८ पै हाली पडत. म्हणजे सात हालीचे सहा कलदार. वाटेत करोडगिरीचा नाका. तिथीवारांचा गुंता वेगळाच. सरकारी कागद फसली सालाचा आणि त्याचे महिने आजूर, दै, बहमन असे. दुकानाचा हिशेब विक्रम संवताचा, गावकऱ्यांचा शकाचा, मंदिराचा वीर संवताचा. फसली सालात साधारण ५९० मिळवले की इसवी सन येतो. विक्रम संवतात मात्र फसगत होते. मारवाडी वर्ष चैत्रात बदलते, गुजराती कार्तिकात, म्हणून शेजारशेजारच्या दोन दुकानांच्या एकाच महिन्याच्या वह्यांवर दोन वेगळे संवत दिसू शकतात. शिवाय मारवाडचे महिने पौर्णिमान्त. दिवाळीची अमावास्या त्यांच्याकडे कार्तिकातली आणि महाराष्ट्रात आश्विनातली. १९५७ मध्ये नवे पैसे आले तेव्हा आण्याचा हिशेब मोडला, आणि १९५९ मध्ये हाली शिक्काही चलनातून गेला. चार-पाच वर्षांच्या वह्या ओळीने पाहिल्या तर हे सारे बदल मुनिमाच्या हातावर उमटलेले दिसतात. काही काळ त्याने दोन्ही हिशेब शेजारी शेजारी मांडलेले असतात.

वह्या बाहेर काढायला अनेक घरे कचरतात, त्याचे खरे कारण मात्र लिपी नव्हे. त्यांत कर्ज आहे. बियाण्याला दिलेले धान्य सवाई-दिढीने परत येणार, लग्नाला घेतलेले कापड पुढच्या सुगीवर, आणि कधी शेवटी जमिनीचा कागद. १२ मे १८७५ रोजी पुणे जिल्ह्यातील सुपे येथे बाजारच्या दिवशी शेतकरी मारवाडी व गुजराती सावकारांच्या दुकानांवर चालून गेले, आणि पुणे-नगरकडे पसरलेल्या त्या दंग्यात त्यांचा मुख्य रोख कर्जरोखे व वह्या जाळण्यावर होता. १८७९ चा दख्खन शेतकरी कायदा त्यातूनच आला. निजामाच्या राज्यातही सावकारी कायद्याने बांधावी लागली. हे झाकण्यात अर्थ नाही. वही म्हणजे एका बाजूचे लिखाण, हे १८७२ च्या पुरावा कायद्यालाही ठाऊक होते, म्हणून नियमित ठेवलेल्या हिशेबाची नोंद ग्राह्य धरूनही केवळ तिच्या आधारे कोणावर देणे लादता येत नाही, असे त्याने सांगून ठेवले. पण याच वहीत कुणबी, लमाण, मांग, महार, मोमीन अशा ज्या घरांनी स्वतःचा एकही कागद मागे ठेवला नाही, त्यांची नावे आहेत. कोणत्या साली बी कधी उचलले, पाऊस लांबला तेव्हा ज्वारीचा भाव काय झाला, बाळंतपणाला गूळ-खोबरे किती गेले. त्यांच्या नातवंडांना आपल्या आजोबांचा माग दुसरीकडे कुठे लागणार? वही दुकानदाराची असली तरी तिच्यातला अर्धा इतिहास गावाचा आहे.

काही काळ तर वह्यांतच खंड पडलेला आहे. १९४७-४८ मध्ये रझाकारांच्या धास्तीने अनेक कुटुंबे सरहद्दीपलीकडे बार्शी, सोलापूर, उमरखेडकडे निघून गेली, आणि १३ ते १७ सप्टेंबर १९४८ च्या पोलीस कारवाईनंतर परतली. त्या महिन्यांची कोरी पाने कोणत्याही भाषणापेक्षा अधिक सांगतात. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीच्या भूकंपाने दगडमातीची माळवदे कोसळली. जिथे सुमारे दहा हजार माणसे गेली तिथे कागदांची आठवण कोणाला असणार? तरीही त्या ढिगाऱ्यांखाली त्या गावांची कीर्द-खतावणीसुद्धा गाडली गेली, हे खरेच आहे.

इतरांनी अशा कागदांचे काय केले, हे पाहण्यासारखे आहे. डेन्मार्कमधून एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धापासून सुमारे तीन लाख माणसे अमेरिकेत गेली आणि त्यांतील पुष्कळांनी आयोवा, नेब्रास्काच्या माळावर शेती केली. त्यांची पत्रे आणि रोजनिश्या जपण्यासाठी मायदेशात ऑलबोर्ग येथे १९३२ मध्येच खास संग्रहालय उभे राहिले. पलीकडे आयोवातल्या एल्क हॉर्न या लहानशा गावीही त्यांचे संग्रहालय आहे. व्यापाऱ्यांना त्याहून जवळचे उदाहरण इटलीतल्या प्रातो गावचे. फ्रान्चेस्को दातिनी नावाचा व्यापारी १४१० मध्ये निवर्तला. तरुणपणीच परमुलखात, आव्हिन्यों येथे जाऊन त्याने नशीब काढले होते. त्याच्या घरातल्या जिन्याच्या पोकळीत पडून राहिलेले कागद १८७० मध्ये हाती लागले: सुमारे दीड लाख पत्रे आणि पाचशेहून अधिक हिशेबवह्या. त्याच्या वह्यांच्या आरंभीही ईश्वर आणि नफा यांचे एकत्र स्मरण असे. आपल्याकडच्या 'शुभ-लाभ'ची आठवण व्हावी असेच ते. युरोपातल्या मध्ययुगीन व्यापाराचा अभ्यास आज त्या जिन्याखालच्या कागदांवाचून होत नाही. मारवाडच्या बाजूने पाहावे तर बिकानेरच्या राजस्थान राज्य अभिलेखागारात संस्थानी काळातील बह्या व्यवस्थित लावलेल्या आहेत. निघालेल्या गावाचा कागद अशा रीतीने सरकारने जपला. पोहोचलेल्या गावाचा कागद घरोघरच्या माळ्यांवर आहे.

वाचणार कोण, ही अडचण खरी आहे. काही वह्या मोडीत आहेत. मोडी शिकवणारे वर्ग निघतात, ती शिकता येते. महाजनी, ज्याला मुडिया किंवा बाणियावटी म्हणतात, ती अवघड. कारण तीत काना-मात्रा बहुधा गाळलेले असतात. 'काकाजी अजमेर गया' हे पत्र घरच्यांनी 'काकाजी आज मर गया' असे वाचून रडारड केली, ही गोष्ट प्रत्येक मारवाडी घरात सांगितली जाते. २०१४ मध्ये मोडी आणि महाजनी या दोन्ही लिप्यांना संगणकाच्या युनिकोडमध्ये जागा मिळाली. पण अक्षराला संकेतांक मिळाला म्हणून मजकूर वाचता येत नाही. मुनिमाच्या हाताखाली शिकलेली जी माणसे आज ऐंशी-नव्वदीत आहेत, त्यांच्यासमोर वही उघडून ती मोठ्याने वाचवून घ्यावी आणि मोबाइलवर ध्वनिमुद्रित करून ठेवावी, हे काम पुढच्या दिवाळीपर्यंत थांबणारे नाही.

बाकी कामे सोपी आहेत. वह्या प्लास्टिकच्या पिशवीत कोंबू नयेत, दमट हवेत बुरशी धरते. स्वच्छ सुती कापडात बांधून जमिनीपासून उंच, कोरड्या जागी ठेवाव्यात. सुटलेली पाने डिंकाने वा सेलोटेपने चिकटवू नयेत. घरात जागा नसेल तर पुण्याचे १९१० पासूनचे भारत इतिहास संशोधक मंडळ किंवा नांदेडचे स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठ यांच्याकडे आधी विचारणा करावी. अलीकडच्या काळातली कर्जदारांची नावे असलेली पाने मात्र परस्पर कोणाला पाठवू नयेत. ती घरांची अब्रू आहे. छायाचित्रे घेताना सुरुवात पूजनाच्या पानापासून करावी. पेढी, गाव, संवत आणि मिती त्या एकाच पानावर असतात, आणि ते हाती लागले की सुट्या पानांचाही क्रम लावता येतो.