सोलापूरचा माळ ‘पडीक’ नाही! मोबाईलवर पक्षी आणि गवतांची नोंद कशी करायची?

सोलापूरहून बार्शीकडे निघालं की साधारण 20 किलोमीटरवर नान्नज लागतं. माळढोक पक्ष्यासाठी 1979 साली इथे अभयारण्य जाहीर झालं. सुरुवातीला त्याचं क्षेत्र 8,496 चौरस किलोमीटर होतं, त्यात गावं आणि शेतंही आली. पुढे ते 1,222 चौरस किलोमीटरवर आणलं गेलं. आज देशात दीडशेपेक्षा कमी माळढोक उरल्याचा अंदाज आहे, आणि त्यातले बहुतेक राजस्थानात आहेत.

माळढोक तर दिसेनासा झाला, पण माळावरचं बाकीचं काय? धाविक, माळटिटवी, चंडोल, हिवाळ्यात येणारे भोवत्या, कुसळी आणि पवन्यासारखी गवतं? सरकारी नकाशात अशा बऱ्याच जमिनी ‘पडीक’ म्हणून दाखवल्या जातात. पडीक म्हटलं की तिथे खड्डे खणून झाडं लावा, नाहीतर प्लॉट पाडा. उघड्या माळावर राहणाऱ्या पक्ष्यांना दाट झाडी चालत नाही, हे कुणी विचारतही नाही. इथे काय जगतं हे दाखवायला नोंद लागते, आणि ती तुम्ही-आम्ही मोबाईलवर करू शकतो.

पक्ष्यांसाठी: ईबर्ड

मी ईबर्ड वापरतो. ॲप फुकट आहे आणि सेटिंगमध्ये पक्ष्यांची मराठी नावंही निवडता येतात. माळावर रेंज नसते, म्हणून घरूनच आपल्या भागाचा पॅक डाउनलोड करून ठेवा. पोहोचल्यावर यादी सुरू करा. वेळ आणि चाललेलं अंतर ॲप आपोआप मोजतं. निदान 15 मिनिटं द्या आणि प्रत्येक पक्षी किती दिसले तो आकडा टाका. ओळख पटत नसेल तर मर्लिन ॲप फोटो किंवा आवाजावरून नाव सुचवतं. पण ते फक्त सुचवतं, खात्री आपणच करायची.

शेवटी ॲप एक प्रश्न विचारतं: ओळखता आलेले सगळे पक्षी लिहिलेत का? सगळी गंमत याच प्रश्नात आहे. तुम्ही ‘हो’ म्हणालात की यादीत नसलेला पक्षी ‘त्या वेळी आढळला नाही’ असं धरता येतं. समजा, आज एका माळावरच्या 10 याद्यांपैकी 7 मध्ये धाविक आहे आणि पाच वर्षांनी 10 पैकी 2 मध्येच उरला. म्हणजे काहीतरी बिघडलंय. फक्त दुर्मिळ पक्षी लिहिले आणि कावळे-साळुंक्या सोडून दिल्या, तर हा हिशेब मांडताच येत नाही.

वनस्पतींसाठी: आयनॅचरलिस्ट

इथे फोटो टाकायचा, ॲप नाव सुचवतं आणि मग जाणकार ते तपासतात. झाडाचा एकच फोटो पुरत नाही. पूर्ण झाड, पान, फूल आणि फळ असे वेगवेगळे घ्या. गवत नुसत्या पात्यावरून ओळखणं अवघड असतं, त्याचा तुरा जवळून टिपा. त्यासाठी पावसाळा संपतानाचे दिवस उत्तम.

हे पाळाच

- अभयारण्यात वन विभागाच्या परवानगीशिवाय शिरू नका.
- मोबाईलवर पक्ष्याचा आवाज वाजवून त्याला बोलावू नका. विणीच्या काळात त्याचा वेळ आणि ताकद वाया जाते.
- बरेच माळावरचे पक्षी जमिनीवरच अंडी घालतात. पाय जपून टाका, घरट्याजवळ थांबू नका.
- धोक्यातल्या प्रजातीचं लोकेशन व्हॉट्सॲप ग्रुपवर किंवा इन्स्टावर टाकू नका. आयनॅचरलिस्ट अशा प्रजातींची नेमकी जागा इतरांपासून लपवतं, पण आपण स्वतःच ती फोडली तर उपयोग नाही.

या नोंदींचं पुढे होतं काय?

2023 चा ‘स्टेट ऑफ इंडियाज बर्ड्स’ हा अहवाल अशाच नोंदींवर उभा आहे. 30 हजारांहून जास्त पक्षीनिरीक्षकांच्या सुमारे 3 कोटी नोंदी तपासून त्यात 942 प्रजातींचा आढावा घेतला गेला. त्यांपैकी 178 प्रजातींकडे तातडीने लक्ष द्यायला हवं, असं त्यात म्हटलंय.

नान्नजलाच जायला हवं असंही नाही. हिप्परगा तलावाचा काठ किंवा तुमच्या गावाबाहेरचं गायरान चालेल. फक्त जागा एकच ठेवा आणि दर महिन्याला जा. उद्या त्या माळावर कुणी ‘पडीक’ असा शिक्का मारायला आलं, तर दाखवायला तुमच्याकडे तारखेसकट यादी असेल.